जिमनी, गुर्खा, थारचं स्टीअरिंग : आधी ढिलाई काढा, मग कोन जुळवा, जाड रॉड शेवटी

साठ-सत्तरच्या वेगात पुढचं एक चाक खड्ड्यावर आदळतं, आणि स्टीअरिंग हातातच थडथडायला लागतं. ब्रेक दाबून वेग पार खाली आणेपर्यंत ते थांबत नाही. पुढे सरळ ॲक्सल असलेल्या गाड्यांत, म्हणजे जिमनी आणि जुन्या गुर्खा एक्स्ट्रीममध्ये (२०२१ पासूनच्या गुर्खात पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे), हा वॉबल ओळखीचा आहे. त्यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो जाड स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टीअरिंगचे हिसके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर, बसवण्याचा. थडथड थांबते, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात आणि सहा महिन्यांत ती परत येते. कारण डॅम्परने ढिलाई काढलेली नसते, फक्त झाकलेली असते. त्या सहा महिन्यांत ढिला सांधा आणखी झिजलेला असतो.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवायचा. आधी प्रत्येक सांध्यातली ढिलाई काढायची. गाडी उंच केली असेल तर मग बिघडलेले कोन जुळवायचे. जाड टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा), ड्रॅग लिंक (स्टीअरिंग गिअरबॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि डॅम्परची पाळी त्यानंतर. क्रम उलटा केला तर नवा मजबूत रॉड जुन्या ढिल्या सांध्यावर जास्तच ताकदीने हिसके देतो.

हे काम काढायला आपल्या बेळगाव भागात पावसाळ्यानंतरचा काळ बरा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडचा तांबडा चिखल चार महिने सांध्यांवरच्या रबरी बूटांच्या चिरांतून आत गेलेला असतो आणि ऑक्टोबरात सांधा काय म्हणतो ते नीट कळतं. त्यापुढे उसाचा हंगाम लागला की निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या शेतरस्त्यांवर ट्रॉल्यांच्या खोल चाकोऱ्या पडतात. चाकोरीतून चाक बाहेर काढताना टाय रॉडवर जो ताण येतो तो डांबरी रस्त्यावर वर्षभरातही येत नाही.

आधी गाडी धुवा

सांगायला साधं आहे, पण यामुळे निम्म्या तक्रारी मिटतात. रिमच्या आतल्या बाजूला अर्धा किलो चिखल वाळून बसला की चाकाचा तोल जातो आणि साठ-ऐंशीच्या दरम्यान स्टीअरिंग थरथरतं. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती तर दगडासारखी चिकटून बसते. चारही चाकं काढून रिम आतून खरवडा, बॅलन्सिंग करून घ्या, टायरला फुगवटा आलाय का पाहा आणि हवा कंपनीने सांगितलेल्या दाबावर आणा. एवढं करूनही थरथर राहिली तरच पुढे जा.

ढिलाई शोधणं

याला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. जिमनीत स्टीअरिंगला इलेक्ट्रिक मदत असल्यामुळे इंजिन चालू ठेवा. गुर्खात हायड्रॉलिक आहे, तिथेही चालूच. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पक्का, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे तळहाताएवढं, जरा झटक्याने हलवत राहायचं. चाकं वळायला नकोत, फक्त ताण आला पाहिजे. दुसऱ्याने खाली टॉर्च घेऊन एकेक सांधा बघायचा. नुसतं बघून पुरत नाही. बोट सांध्यावर आडवं ठेवा, अर्धं रॉडवर आणि अर्धं नकलवर (ॲक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग). डोळ्याला न दिसणारी अर्ध्या मिलिमीटरची हालचाल बोटाला टिचकीसारखी लागते. बोट दोन भागांच्या फटीत मात्र घालू नका.

सुरुवात वरून करा. स्टीअरिंग कॉलमचा खालचा क्रॉस जॉइंट, स्टीअरिंगचा गिअरबॉक्स आणि त्याचे चासीवरचे बोल्ट, त्यातून निघून ड्रॅग लिंकला जोडलेला पिटमन आर्म, ड्रॅग लिंकची दोन टोकं, टाय रॉडची दोन टोकं, आणि मग पॅनहार्ड रॉड. हा पॅनहार्ड रॉड बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि वॉबलचा पहिला आरोपी बऱ्याचदा तोच निघतो. ॲक्सलला डाव्या-उजव्या बाजूला धरून ठेवणारा तो एकटाच असतो. त्याच्या बुशचं रबर फाटलेलं असेल किंवा ब्रॅकेटमधलं बोल्टचं भोक लंबगोल झालं असेल, तर स्टीअरिंगच्या प्रत्येक झटक्याला अख्खं ॲक्सल बाजूला सरकताना दिसेल. लंबगोल भोक बोल्ट आवळून बरं होत नाही. ब्रॅकेटवर नेमक्या भोकाची जाड प्लेट वेल्ड करून घ्यावी लागते, आणि ते काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची.

आता चाक जॅकवर उचला, ॲक्सलखाली घोडी लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे एक हात बाराच्या जागी आणि एक सहाच्या. हललं तर दोन शक्यता उरतात, व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं (नकल जिच्यावर वळते ती पिन) बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन. ब्रेक दाबल्यावर डिस्क कॅलिपरमार्फत नकलला जखडली जाते, त्यामुळे हबची हालचाल बंद होते. तरीही जे हलतं ते नकलच्या मुळातलं असतं. नऊ आणि तीनच्या जागी धरून हललं, आणि बारा-सहाला हललं नाही, तर टाय रॉडचं टोक गेलंय.

जिमनीत प्रत्येक नकलला वर आणि खाली किंगपिन असते आणि तिच्या बेअरिंगवरचा दाब शिमच्या, म्हणजे पातळ चकतीच्या, जाडीने ठरतो. सील गळून आत पाणी गेलं की ग्रीसचं दूध होतं आणि बेअरिंगवर चाकोरी पडते. टाय रॉड सोडवून नकल हाताने फिरवली तर सरळ मध्यावर ती खाचेत बसल्यासारखी अडकते. अशी खाच लागली की शिम बदलून भागत नाही, दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सील एकत्र बदला. नवी बसवल्यावर टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून नकल ओढून बघायची. हलायला लागणारं वजन सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवं आणि डावं-उजवं जवळपास सारखं हवं.

फाटलेला बूट कसा दिसतो तेही सांगायला हवं, कारण बाहेरून तो चांगलाच वाटतो. चीर बहुधा घडीच्या तळाशी, नखाएवढी असते. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवून घडी ताणली की ती उघडते, आणि आतून काळ्या ग्रीसऐवजी भिजलेल्या विटेच्या भुकटीसारखा तांबडा लगदा बाहेर येतो. हा लगदा म्हणजे जांभ्याची माती आणि ग्रीस, बॉलवर चाललेला पॉलिश पेपरच. असा सांधा आज हलत नसला तरी बदलायचा. नुसता बूट नवा घालून काही मिळत नाही.

गिअरबॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू सगळ्यात शेवटी. बाहेरचे सगळे सांधे पक्के झाल्यावरही मध्यावर प्ले उरला, तरच त्याला हात लावा. जास्त आवळला तर वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ यायचं थांबतं, आणि चोर्ला घाटासारख्या वळणांवर ते धोक्याचं आहे.

उंची वाढवली असेल तर कोनांचा हिशेब

स्प्रिंगने गाडी उचलली की पुढचं ॲक्सल त्याला चासीशी जोडणाऱ्या भुजांच्या मागच्या टोकाभोवती फिरतं आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलच्या फोर्कला असतो तो मागे कललेला कोन. तोच चाकाला सरळ परत आणतो. किती कमी होईल याचा अंदाज टेपने काढता येतो. भुजेच्या चासीकडच्या बोल्टपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. वाढवलेली उंची त्या अंतराने भागा आणि ५७ ने गुणा. अंतर ७०० मिमी असेल आणि उंची ५० मिमी वाढवली असेल, तर जवळपास ४ अंश गेले. मूळ कॅस्टर मुळातच थोडा असतो, त्यातून चार अंश गेले तर गाडी रस्त्यावर भटकणारच. निपाणीपासून धारवाडपर्यंत हायवेवर दोन्ही हातांनी सतत दुरुस्ती करत बसावं लागतं ते यामुळे.

उपाय म्हणून भुजेत सरकवलेल्या भोकाचे कॅस्टर बुश मिळतात, किंवा चासीकडचं ब्रॅकेट खाली आणता येतं. बुशने ॲक्सल उलटं फिरतं, त्याबरोबर डिफरन्शियलची पिनियनही (जिथे शाफ्ट जोडला जातो) खाली वळते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. म्हणून गेलेला कॅस्टर शंभर टक्के परत आणायचा हट्ट धरू नका. फोर-व्हील लावल्यावर शाफ्ट घुमल्यासारखा आवाज करायला लागला तर मर्यादा ओलांडली असं समजा. भुजांमध्ये पॉलियुरेथेनचे कडक बुश घालण्याचा मोहही आवरा. भुजेला पिळायला जागा लागते, कडक बुशने ॲक्सलची हालचाल कमी होते. पॅनहार्डमध्ये मात्र ते चालतात.

पॅनहार्डमुळे दुसरी गोष्ट घडते. गाडी वर गेली की ॲक्सल एका बाजूला सरकतं. दोन्ही बाजूंना चासीपासून टायरच्या कडेपर्यंत ओळंबा सोडून अंतर मोजा. ५ मिमीच्या वर फरक असेल तर लांबी बदलता येणारा पॅनहार्ड घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समोरून पाहिल्यावर एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत, आणि लांबीही शक्य तितकी सारखी हवी. ते समांतर असले की चाक वर-खाली होताना दोन्ही एकाच चापातून फिरतात. नसले की प्रत्येक खड्ड्यावर स्टीअरिंग आपोआप वळतं. खाली वाकवलेला पिटमन आर्म बसवून ड्रॅग लिंकचा कोन कमी करायचा आणि पॅनहार्ड आहे तसाच ठेवायचा, ही चूक वारंवार दिसते. त्याने गाडी आधीपेक्षा वाईट होते. बदलायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

पॅनहार्ड आणि भुजांच्या बुशचे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. जॅकवर लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि महिनाभरात फाटतं.

आता जाड रॉड

मूळ रॉड वाकत असेल, किंवा टायर मोठे असतील, तर जाड टाय रॉड आणि ड्रॅग लिंक घेण्यात अर्थ आहे. जिमनीच्या मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ चा ७०३, तर २३५/७५ आर १५ चा ७३३ मिमी येतो. शेवटच्या मापात वजनही बरंच वाढतं आणि सगळ्या सांध्यांवर ताण येतो. बाहेर निघालेले रिम घातले तर हिसके आणखी. एक गोष्ट ध्यानात ठेवा : मूळ टाय रॉड वाकतो तेव्हा त्याने नकल आणि गिअरबॉक्स वाचवलेला असतो. अतिजाड रॉड घातला की तोच धक्का पुढे पिटमन आर्म किंवा गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटवर जातो. म्हणून जाड रॉड बसवताना चासीवरच्या गिअरबॉक्स माउंटिंगला चिरा आहेत का हे तारेच्या ब्रशने घासून बघायचं.

बेळगावात उद्यमबाग आहे, हवं ते टर्निंग करून मिळतं, त्यामुळे रॉड स्थानिक लेथवर करून घेण्याचा विचार येतोच. करायचा असेल तर अटी पक्क्या ठेवा. जाड भिंतीची सीमलेस, म्हणजे बिनशिवणीची, सीडीएस ट्यूब किंवा त्याहून चांगलं मिश्र पोलाद, शिवणीची ईआरडब्ल्यू पाइप नाही. एका टोकाला उजवा आणि दुसऱ्या टोकाला डावा आटा. आट्यात टोक निदान दीडपट व्यासाइतकं आत गेलं पाहिजे. रॉडच्या लांबीत कुठेही वेल्डिंग नाही. वाकलेला जुना रॉड तापवून सरळ करून परत घालणं तर पूर्ण बंद. स्टीअरिंगचा तुटलेला रॉड दुसरी संधी देत नाही. शंका असेल तर गाडीसाठी बनवलेलाच सेट मागवा.

जुना रॉड काढण्याआधी त्याची लांबी एका बॉल पिनच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजून लिहून ठेवा. स्प्लिट पिन काढा, कॅसल नट सैल करा पण दोन आटे राहू द्या. टेपर सुटण्यासाठी पुलर वापरा. पुलर नसेल तर नकलच्या डोळ्याच्या बाजूवर, पिनवर नव्हे, हातोडीचा एक जोरकस घाव घाला. दुसऱ्या बाजूला जड हातोडी टेकवून धरली तर टेपर लगेच सुटतो. दुतोंडी फाळ घुसवून काढला तर बूट फाटतोच.

नव्या टोकाची टेपर पिन नकलच्या भोकात बसते का हे पाहणं सोडू नका. पिनवर निळ्या मार्करच्या उभ्या रेघा ओढा, हाताने घट्ट बसवून थोडी फिरवा आणि बाहेर काढा. रेघा सगळ्या लांबीत पुसल्या गेल्या असतील तर टेपर जुळला. फक्त वर किंवा फक्त खाली पुसल्या असतील तर पिन वेगळ्या टेपरची आहे, ती आवळल्यावर पक्की वाटेल आणि काही आठवड्यांत भोक खाऊन टाकेल. टेपरवर ग्रीस नको, स्वच्छ आणि कोरडा हवा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे कधीच सोडू नका. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

चेक नट आवळताना दोन्ही टोकांचे बॉल एकाच दिशेला, हालचालीच्या मध्यावर धरा. नाहीतर खडकाळ जागी एक चाक वर गेलं की बॉल शेवटच्या मर्यादेला टेकतो, आणि तिथेच पिन वाकते.

टो आणि स्टीअरिंगचं मध्य

अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरता टो, म्हणजे पुढची चाकं वरून पाहता किती आत वळलेली आहेत ते, घरी जुळवता येतो. पुढची चाकं उचला, टायर फिरवत खिळ्याने मध्यावर बारीक रेघ ओढा, गाडी खाली ठेवून थोडी पुढे-मागे ढकला. मग हबच्या उंचीवर, पुढच्या बाजूला दोन रेघांमधलं अंतर आणि मागच्या बाजूला तेच अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं, नेमका आकडा मॅन्युअलमधला. रॉड पूर्ण फेरी फिरवू नका. १.५ मिमी आट्याचा रॉड एक फेरी फिरला की लांबी ३ मिमी बदलते, आणि नकलचा आर्म १५० मिमी धरला तर ७०० मिमीच्या टायरवर टो १४ मिमी सरकतो. पाव फेरीतच साडेतीन मिमी. म्हणून आठवा भाग फिरवा, मोजा, परत फिरवा.

स्टीअरिंग व्हील वाकडं आलं तर ते ड्रॅग लिंकच्या लांबीने सरळ करा. व्हील काढून दुसऱ्या दात्यावर बसवायचं नाही, त्यात एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (गुंडाळलेली वायर) असते आणि ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टीअरिंग अँगल सेन्सरचं मध्य चुकतं. मध्य चुकलं की सरळ रस्त्यावर गाडी स्वतःच ब्रेक मारू शकते. काम झाल्यावर स्कॅनरने सेन्सर शून्यावर आणून घ्या.

डॅम्पर

आता डॅम्परची पाळी. जुना काढून पूर्ण लांबीभर हाताने आत-बाहेर करा. मध्येच मोकळी जागा लागली तर गेलेला. नवा घेताना गॅस भरलेला मोनोट्यूब स्वतःहून दांडा बाहेर ढकलतो हे लक्षात घ्या, त्याने गाडी एका बाजूला ओढू शकते. बसवल्यावर स्टीअरिंग दोन्ही टोकांच्या लॉकपर्यंत (पूर्ण वळेपर्यंत) फिरवून दांड्याची उरलेली लांबी मोजा, निदान १० मिमी शिल्लक हवी. नाहीतर स्टीअरिंगचा स्टॉपर म्हणून डॅम्परच काम करतो आणि माउंटिंग तुटतं.

थार असेल तर

तीन दरवाज्यांच्या थारमध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि स्टीअरिंगला रॅक (दातेरी दांडा) आहे, त्यामुळे पॅनहार्ड, ड्रॅग लिंकचा वरचा हिशेब लागू नाही. तिथे रॅकच्या आतल्या टोकाचा बॉल आणि रॅकचे बूट तपासा. बूटात पाणी शिरलं की रॅकचा दांडा गंजतो आणि सील कापतो. हायड्रॉलिक असल्याने रॅकचं काम केल्यावर हवा काढावी लागते : पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वीस वेळा फिरवा, टाकीतलं तेल कमी होऊ देऊ नका, मगच इंजिन चालू करा. शेवटच्या लॉकला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच.

सोडण्याआधी

एक चाक रॅम्पवर किंवा दगडावर चढवून, दुसरं खाली लोंबकळत ठेवून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. रॉड डिफरन्शियलला लागतो का, डॅम्पर स्प्रिंगला घासतो का, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणते का, टायर भुजेला लागतो का, हे सगळं या एका तपासणीत कळतं. मग चाकाचे नट जिमनीत १०० न्यूटन-मीटरला, ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून समोरचा.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट रस्त्यावर, २०, ४०, ६० अशी चढवत. थेट हायवेला नाही आणि घाटात तर नाहीच. १०० किलोमीटरनंतर सगळे नट-बोल्ट परत टॉर्क पान्याने बघा, ५०० ला पुन्हा. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या पेंटची रेघ ओढून ठेवली तर पुढच्या वेळी फिरलेला नट लांबूनच दिसतो.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट केलं. झिजलेल्या सांध्याच्या जागी त्याच मापाचा चांगला सांधा घालणं वेगळं, गाडी उंच करणं आणि मोठे टायर घालणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आरटीओची तपासणी आणि विम्याचा दावा दोन्हीकडे अडचण येऊ शकते. चंदगड-आंबोलीला जाताना राज्याची हद्द ओलांडली तरी कायदा केंद्राचाच, दोन्हीकडे सारखा. बदललेल्या भागांची बिलं गाडीतल्या कागदांबरोबर ठेवा.

आणि स्टीअरिंग कितीही पक्कं झालं तरी चाकोरीत किंवा दगडांत अंगठे स्टीअरिंगच्या आरांच्या आत अडकवू नका, रिमच्या बाहेर ठेवा. चाक दगडावर आपटून व्हील उलट फिरलं तर अंगठा मोडतो.